एआरडीएस: हवा पूर्ण फुप्फुसात सारखी जावी म्हणून पीप आणि टायडल कसे लावावे?

रात्रपाळी_आयसीयू (सोलापूर)

दोन्ही बाजूंच्या न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसे सुजून, पाण्याने भरून ऑक्सिजन पडणे) झालेला रुग्ण आहे. पुरुष, पन्नाशीचा, वजन ८२ किलो, उंची १६० सेंमी. व्हॉल्यूम कंट्रोलवर टायडल (एका श्वासाची हवा) ४५० मिली, रेट १८, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ६ सेंमी, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ०.८. प्लॅटो (श्वास आत रोखून मोजलेला दाब) ३० येतो. एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) पीएओटू (ऑक्सिजन) ७२, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइड) ४८, पीएच ७.३१. म्हणजे पी/एफ (पीएओटू भागिले एफआयओटू) ९०. नॉरॲड (रक्तदाब टिकवणारे औषध) कमी डोसवर चालू, एमएपी (सरासरी रक्तदाब) ६८.

लंग अल्ट्रासाउंडवर समोर ए-लाइन्स (हवा भरल्याची खूण) दिसतात, बाजूला बी-लाइन्स (अर्धवट पाणी भरल्याची खूण) आणि पाठीकडे दोन्हीकडे घट्ट कन्सॉलिडेशन (हवा नसलेला भरीव भाग). सीटीला नेण्यासारखी स्थिती नाही. ईआयटी (हवा कुठे जाते ते दाखवणारा छातीचा पट्टा) नाही, इसोफेजियल बलूनही (अन्ननलिकेतून छातीतला दाब मोजायचा फुगा) नाही.

अडचण अशी की पीप वाढवला तर समोरचा चांगला भाग जास्त फुगेल आणि नाही वाढवला तर पाठीकडचा बंदच राहील. ४० सेंमीवर ४० सेकंद धरून रिक्रूटमेंट (दाबाने बंद भाग उघडणे) करावी का? हाताशी आहे त्या व्हेंटिलेटरवर पीपचा आकडा कशावरून ठरवायचा?

भूल_आणि_अतिदक्षता

डॉक्टर, पीपला हात लावण्याआधी टायडल बघा. ४५० हा आकडा या माणसासाठी मोठा आहे. टायडल वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर लावायचा असतो. पुरुषांसाठी ५० + ०.९१ × (उंची सेंमी − १५२.४), स्त्रियांसाठी ५० च्या जागी ४५.५. तुमच्या रुग्णाचे अपेक्षित वजन ५७ किलो येते. ६ मिली प्रति किलोने टायडल ३४० झाला. सध्या त्याला जवळजवळ ८ मिली मिळतोय, आणि तोही पूर्ण फुप्फुसाला नाही, फक्त उघड्या राहिलेल्या समोरच्या भागाला. उंची टेपने मोजा, नातेवाइकांच्या अंदाजावर राहू नका. पाच सेंमीची चूक म्हणजे टायडलमध्ये २७ मिलीचा फरक.

२००० साली एआरडीएस नेटवर्कच्या अभ्यासात १२ ऐवजी ६ मिली लावल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आजही इथूनच सुरुवात करायची.

टायडल कमी केला की रेट वाढवावा लागतो. ४५० × १८ म्हणजे ८.१ लिटर. ३४० × २४ म्हणजेही तेवढेच, पण लहान श्वासात डेड स्पेसचा (रक्तापर्यंत न पोहोचणाऱ्या हवेचा) वाटा वाढतो, म्हणून २६ ते २८ पर्यंत जावे लागेल. रेट वाढवल्यावर एक्स्पिरेटरी होल्ड करून ऑटो-पीप (श्वास पूर्ण न सुटल्याने अडकलेला दाब) बघाच. पीसीओटू ६० झाला आणि पीएच ७.२० च्या वर असेल तर घाबरून टायडल वाढवू नका. डोक्यातला दाब वाढलेला असेल किंवा उजवे हृदय फुगलेले असेल तर मात्र ही सूट नाही.

आता पीप. त्याआधी पाच मिनिटे देऊन साध्या गोष्टी वगळा: ट्यूब उजव्या ब्राँकसमध्ये तर नाही (पुरुषात दातांशी साधारण २३, स्त्रीत २१), म्यूकस प्लग, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), मोठे इफ्यूजन (फुप्फुसाभोवतीचे पाणी). एका बाजूची हवा यांपैकी कशाने बंद असेल तर पीप वाढवून ती बाजू उघडत नाही, दुसरी ताणली जाते.

मग रुग्ण पूर्ण शांत असताना, टायडल ३४० वर कायम ठेवून, पीप २-२ ने वाढवा. प्रत्येक पायरीवर ३ ते ५ मिनिटे थांबा आणि ०.५ सेकंदाचा इन्स्पिरेटरी होल्ड घेऊन प्लॅटो लिहा. प्लॅटोतून पीप वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर. आकडे साधारण असे येऊ शकतात: पीप ६ ला प्लॅटो २४, फरक १८. ८ ला २५, फरक १७. १० ला २५, फरक १५. १२ ला २६, फरक १४. १४ ला २९, फरक १५. १६ ला ३३, फरक १७. असे आले तर उत्तर १२.

खाटेशी उभे राहून वाचायची खूण एकच. पीप २ ने वाढवल्यावर प्लॅटो २ पेक्षा कमी वाढला, तर बंद भाग उघडतोय. २ पेक्षा जास्त वाढला, तर उघडा भाग ताणला जातोय. नेमका २ वाढला तर फायदाही नाही, तोटाही नाही, आणि तेव्हा कमी पीपवरच राहावे. जोडीला पीसीओटू बघा. मिनिट व्हेंटिलेशन तेच असताना पीप वाढवल्यावर पीसीओटू चढला तर ताणलेल्या भागातला रक्तप्रवाह दबतोय. सॅच्युरेशन एकटे बघून पीप ठरवू नका. कार्डियाक आउटपुट पडल्यामुळेही शंट (हवा न मिळता जाणारे रक्त) कमी होऊन सॅच्युरेशन सुधारल्यासारखे दिसते.

ड्रायव्हिंग प्रेशर १५ च्या खाली आणि प्लॅटो ३० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. एमएपी ६० च्या खाली गेला तर पायरी सोडून मागे या.

तुमची भीती मात्र बरोबर आहे. पीप समोर आणि पाठीमागे वेगवेगळा लावता येत नाही. पाठीकडचा भाग वरच्या सुजलेल्या फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या वजनाने दबलेला असतो, खालून पोट ढकलते. तो उघडायला जो दाब लागतो तोच समोरच्या भागालाही सोसावा लागतो. बंद आणि उघड्या भागांच्या सीमेवर ताण आणखी वाढतो. १९७० मध्ये मीड आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवले होते की ३० सेंमीच्या ट्रान्सपल्मोनरी (फुप्फुसाच्या आत-बाहेरच्या फरकाच्या) दाबाला त्या सीमेवरचा ताण १४० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून पी/एफ ९० ला फक्त पीपची बटणे फिरवत बसू नका. या रुग्णाला प्रोन (पालथे) करायची तयारी आत्ताच सुरू करा.

श्वसन_तंत्रज्ञ_होटगी_रोड

सरांनी सांगितलेला पीप ट्रायल प्लॅटो खरा असेल तरच कामाचा. होल्डच्या वेळी रुग्णाने किंचित जोर लावला तरी आकडा खोटा येतो. प्रेशरच्या ग्राफवर होल्डमधली रेषा सपाट दिसली पाहिजे. रेषा हळूहळू खाली येत राहिली तर आधी कफ आणि सर्किटमधली गळती शोधा. प्रेशर कंट्रोलवर असाल तर वरचा प्रेशर म्हणजे प्लॅटो असे धरून चालत नाही. इन्स्पिरेशन संपताना फ्लो शून्यावर आला असेल तरच ते खरे.

फुप्फुस पीपने उघडण्यासारखे आहे की नाही, हे एका श्वासात तपासता येते. पीप १५ वर स्थिर करा आणि रेट ८ वर आणा, म्हणजे श्वास सोडायला पूर्ण वेळ मिळेल. मग पीप एकदम ५ वर आणा आणि त्या पहिल्या श्वासात बाहेर आलेला व्हॉल्यूम टिपा. समजा ७०० आला. त्यातून नेहमीचा ३४० वजा केला, राहिले ३६०. पीप ५ ला ड्रायव्हिंग प्रेशर १८ असेल तर कंप्लायन्स (एक सेंमी दाबाला मावणारी हवा, ३४० भागिले १८) १९. दहा सेंमी पीप उतरवल्यावर या कंप्लायन्सने १९० बाहेर यायला हवे होते. वरचे १७० पीपने उघडलेल्या भागातले. १७० भागिले १० म्हणजे १७, आणि १७ भागिले १९ म्हणजे सुमारे ०.९. हे गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर जास्त पीप उपयोगी पडण्याची शक्यता बरी. खाली असेल तर पीप ८-१० च्या आसपासच ठेवून बाकीचा जोर प्रोनवर द्यावा. वजा करताना सेट केलेला नाही, मोजलेला एक्स्पायर्ड टायडल धरा. फ्लो सेन्सरवर पाणी साचले असेल तर पूर्ण हिशेब बिघडतो. रेट ८ चा खेळ एका मिनिटात आटपा आणि रेट लगेच परत चढवा.

काही रुग्णांत मुळात वायुमार्गच एका ठरावीक दाबापर्यंत बंद असतात. फ्लो ५-६ लिटर प्रति मिनिट इतका कमी करून एक श्वास दिला की ग्राफवर ते दिसते: दाब आधी सरळ उभा चढतो आणि मग एका बिंदूवर वाकतो. तो बिंदू पीपच्या वर असेल तर ड्रायव्हिंग प्रेशर त्या बिंदूपासून मोजायचे, आणि पीप निदान तिथपर्यंत न्यायचा. सगळ्या मशीनवर इतका कमी फ्लो लावता येत नाही, तेव्हा हे सोडून द्या.

पीसीओटू चढत असेल तर रेट वाढवण्याआधी सर्किटकडे बघा. एचएमई फिल्टरच्या (श्वासाची ऊब आणि ओल राखणाऱ्या) आतली जागा आकाराप्रमाणे ३० ते ९० मिली असते, पाकिटावर लिहिलेली असते. त्यावर कॅथेटर माउंट (ट्यूब आणि सर्किट जोडणारी छोटी नळी). ३४० च्या श्वासातले ८०-१०० मिली इथेच वाया जातात. एचएमई काढून हीटेड ह्युमिडिफायर लावला की तेवढी हवा रुग्णाला मिळते. दोन्ही एकत्र मात्र कधी लावू नका, फिल्टर भिजून चोंदतो.

आपल्याकडच्या मे महिन्यासाठी एक वेगळी गोष्ट. एसी बंद पडून खोली ३५ च्या वर गेली की ह्युमिडिफायरच्या चेंबरमध्ये शिरणारी हवाच गरम असते. मग हीटरची प्लेट कमी तापते आणि वाफ कमी बनते. डिस्प्लेवर ३७ दिसत राहते, पण हवा कोरडी जाते. कॅथेटर माउंटमध्ये आतून दव दिसत नसेल तर हेच घडतंय असे समजा. कफ घट्ट होऊन खालचे ब्राँकस चोंदतात आणि आपण त्याला एआरडीएस वाढला म्हणतो. उलट एसीचा झोत थेट नळीवर येत असेल तर नळीत पाणी साचते, त्याच्या हिंदकळण्याने ऑटो-ट्रिगर (रुग्णाने न ओढताच मशीनचा श्वास) होतो. वॉटर ट्रॅप रुग्णाच्या पातळीखाली ठेवा, चेंबर आणि नळ्या झोतापासून बाजूला घ्या.

फिजिशियन_सात_रस्ता

४० वर ४० सेकंदांबद्दल: करू नका. पाठीकडचे कन्सॉलिडेशन पू आणि पेशींनी भरलेले आहे, ते दाबाने उघडत नाही. तेवढ्या वेळात उजव्या हृदयाकडे येणारे रक्त अडते आणि नॉरॲडवरचा रुग्ण तिथेच कोसळू शकतो. २०१७ च्या एआरटी अभ्यासात पायऱ्यापायऱ्यांची रिक्रूटमेंट आणि तिच्यावर आधारलेला जास्त पीप वापरला होता. २८ दिवसांचा मृत्युदर त्या गटात ५५.३ टक्के, तर कमी पीपच्या गटात ४९.३ टक्के. २०२३ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांतही लांबवलेल्या, उच्च दाबाच्या रिक्रूटमेंटच्या विरोधात ठाम शिफारस आहे. सॅच्युरेशन तासभर चढते म्हणून मोह होतो, पण तो चढलेला आकडा रुग्णाला वाचवत नाही.

एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. पीप ट्रायल १६ पर्यंत सरसकट नेऊ नये. आधी इको टाका. उजवा व्हेंट्रिकल फुगलेला असेल तर १० वरच थांबून प्रोन करा. इको जमत नसेल तर प्रत्येक पायरीवर पल्स प्रेशर (वरचा वजा खालचा रक्तदाब) बघा. ते आक्रसत चालले असेल तर पुढे जाऊ नका.

अल्ट्रासाउंडबद्दल एक इशारा. पाठीकडचा भाग उघडला की बी-लाइन्स दिसायला लागतात, तेवढे त्यावर कळते. समोर फुप्फुस जास्त ताणले गेले तरी ए-लाइन्सच दिसतात, त्यात फरक कळत नाही. म्हणून अल्ट्रासाउंड सुधारला म्हणून पीप आणखी वाढवणे चुकीचे. ताण प्लॅटोतच शोधायचा.

कीटकनाशक पिऊन आलेले आणि उलटी फुप्फुसात गेलेले रुग्ण आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्यात बऱ्याचदा एकच बाजू खराब असते. तिथे हे सगळे गणित बदलते: पीप मध्यम, आणि चांगली बाजू खाली करून कुशीवर. रक्तस्राव किंवा ॲब्सेस असेल तर मात्र खराब बाजूच खाली, नाहीतर घाण चांगल्या बाजूत उतरते.

रात्रपाळी_आयसीयू (सोलापूर)

सर, टायडल ३४०, रेट २८, पीप १२ केले. प्लॅटो २६. एफआयओटू ०.८ वरच, सॅच्युरेशन ९१. पीसीओटू ५६, पीएच ७.२५. ऑटो-पीप १. इकोत उजवी बाजू ठीक. आता प्रोन करायचे तर रात्री माणसे कमी. मी, दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. चौघांत जमेल का? आणि खास गाद्या वगैरे आमच्याकडे नाहीत.

सिस्टर_इनचार्ज_आयसीयू

डॉक्टर, चौघांत करू नका. डोक्याशी एक, दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे पाच लागतात. ८२ किलोच्या माणसाला तर लागतातच. कॅज्युअल्टीतून पंधरा मिनिटांसाठी एक माणूस मागवून घ्या. डोक्याशी ट्यूब घालू शकणारे डॉक्टरच हवेत, आणि मोजणी त्यांनीच करायची. एक-दोन-तीन म्हणणारा आवाज एकच असला पाहिजे.

खास गादी नाही म्हणून अडत नाही. सोलापुरात चादरींना काय तोटा. जाड सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून दोन वळकट्या करा, एक छातीच्या वरच्या भागाखाली, एक ओटीपोटाच्या हाडांखाली. वळकटी मनगटाएवढीच जाड. उशीएवढी केली तर कंबर आणि मान वाकते. चेहऱ्याखाली टेरी टॉवेलची गोल चुंबळ करा, डोळा आणि ट्यूब मोकळी राहतील अशी. चादरी धुतलेल्या हव्यात आणि एका रुग्णाची दुसऱ्याला वापरायची नाही.

आधीची तयारी: फीड एक तास बंद, नंतर एनजीतून (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून) सगळे ओढून घ्या. तोंडातले आणि ट्यूबमधले सक्शन. ट्यूब दातांशी किती सेंमीवर आहे ते कागदावर लिहा. चिकटपट्टी लाळेने सुटते म्हणून ट्यूब कापडी फितीनेही बांधा. डोळ्यांत मलम घालून पापण्या बंद करून टेप. जीभ दातांच्या आत. सेंट्रल लाइनचे टाके आणि कॅथेटरची लांबी बघा. एफआयओटू १.०. सेडेशन आणि ॲट्राक्यूरियम (स्नायू शिथिल करणारे औषध) वेळेत द्या, पालथे घालताना खोकला आला तर ट्यूब निघते.

मग रुग्णाखाली एक चादर, वर वळकट्या ठेवून दुसरी चादर. दोन्हींच्या कडा एकत्र धरून अंगालगत घट्ट गुंडाळा, करंजीची कड दुमडतो तशा. रुग्ण आत पक्का बसला की तीन हालचाली: व्हेंटिलेटरपासून लांबच्या कडेला सरकवा, व्हेंटिलेटरकडे तोंड करून कुशीवर घ्या, मग पालथा. छातीवरचे इलेक्ट्रोड कुशीवर असतानाच काढून पाठीवर लावा. पल्स ऑक्सिमीटर आणि आर्टरी लाइन एक क्षणही काढू नका.

पालथे घातल्यावर पहिल्यांदा कॅप्नोचा (बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा) ग्राफ, मग ट्यूबची खूण, मग दोन्हीकडची हवा. एक हात वर, एक खाली, तोंड वरच्या हाताकडे, आणि दर २ ते ४ तासांनी बाजू बदला. खाट पायाकडे १०-१५ अंश उतरती. कपाळ, गाल, हनुवटी, गुडघे, कंबरेची हाडे, पुरुषांत जननेंद्रिये, स्त्रियांत स्तन, या जागा प्रत्येक वेळी हात लावून तपासा. पापण्या सुजणार, नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या काही मिनिटांत खूप कफ उतरतो, सक्शन हाताशी ठेवा.

भूल_आणि_अतिदक्षता

सिस्टरांनी सगळे नेमके सांगितले. चौघांत नको, याला माझाही दुजोरा.

प्रोनने काय होते ते लक्षात घ्या, म्हणजे आकडे वाचता येतील. हृदय फुप्फुसावरून उतरून छातीच्या हाडावर टेकते, पाठीकडचा मोठा भाग मोकळा होतो आणि रक्तप्रवाह मात्र पाठीकडे बऱ्यापैकी तसाच राहतो. म्हणून तोच टायडल, तोच पीप जास्त सारखा पसरतो. समोरची छाती गादीवर दाबली गेल्याने प्लॅटो सुरुवातीला एक-दोन सेंमी वाढू शकतो. त्याने घाबरून लगेच सुलटे करू नका. तासाभराने एबीजी करा. ऑक्सिजन फारसा सुधारला नाही पण पीसीओटू उतरला, तरी फायदा होतोय.

२०१३ च्या प्रोसेव्हा अभ्यासात पी/एफ १५० च्या खाली, एफआयओटू निदान ०.६ आणि पीप निदान ५, अशा रुग्णांना सलग किमान १६ तास पालथे ठेवले होते. २८ दिवसांचा मृत्युदर ३२.८ वरून १६ टक्के झाला. त्यात १२ ते २४ तास व्हेंटिलेशन स्थिरावल्यावर निवड केली होती. तुमच्या रुग्णाचे सेटिंग दुरुस्त होऊनही पी/एफ वर येत नसेल तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. चार तासांच्या प्रोनला मात्र अर्थ नाही. १६ म्हणजे १६.

थांबवायचे कधी: सुलटे केल्यावर ४ तासांनी पी/एफ १५० किंवा वर, पीप १० किंवा खाली, एफआयओटू ०.६ किंवा खाली. तोवर रोज एक सत्र. मणका अस्थिर असेल तर प्रोन नाही. डोक्यातला दाब वाढलेला किंवा पोट उघडे असेल तर वरिष्ठांशी बोलूनच.

पालथा असताना स्वतःचा श्वास सुरू झाला आणि डबल ट्रिगर व्हायला लागले तर ३४० चा ६८० होतो. ग्राफवर दोन श्वास एकावर एक चढलेले दिसतील. आधी इन्स्पिरेटरी टाइम ०.७ वरून ०.९ करून बघा, जमले नाही तर सेडेशन, मग ॲट्राक्यूरियम. जोरात ओढलेल्या श्वासात हवा फुप्फुसातच समोरून मागे सरकते आणि मशीनवरचा टायडल ठीक दिसत असतानाही पाठीकडचा भाग ताणला जातो.

श्वसन_तंत्रज्ञ_होटगी_रोड

कमवलेला पीप एका क्षणात घालवायची जागा म्हणजे सर्किट सुटणे. नळी काढून सक्शन केले की दोन-तीन श्वासांत पाठीकडचा भाग मिटतो आणि परत उघडायला तास जातात. क्लोज्ड सक्शन (नळी न काढता करायचे) लावा, आणि ते १५ सेकंदांच्या आत.

ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर घेताना, विशेषतः अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेला रुग्ण ॲम्ब्युलन्सच्या मशीनवरून आपल्या मशीनवर घेताना: नवीन मशीन आधी चालू करून सेटिंग भरून ठेवा. श्वास आत गेला की ट्यूबला गॉज गुंडाळून क्लॅम्प लावा, नळी बदला, क्लॅम्प काढा. दोन सेकंदांचे काम आहे. फ्लेक्सोमेटॅलिक ट्यूब असेल तर क्लॅम्प लावायचा नाही, आतली तार दबली की परत उघडत नाही.

उतरवताना आधी एफआयओटू ०.५ पर्यंत आणा, मग पीप २ ने, आणि दोन उतारांमध्ये निदान ६ ते ८ तास जाऊ द्या. प्रत्येक वेळी प्लॅटो घ्या. पीप २ ने उतरवूनही प्लॅटो हललाच नाही, तर ड्रायव्हिंग प्रेशर २ ने वाढले. म्हणजे तेवढा भाग मिटला. पीप लगेच मागच्या आकड्यावर न्या.